न कळण्याचा अपराध

पहाटे उठल्यावर माणसाने आधी आपल्या तळहातांचे दर्शन घ्यावे, असे आम्हांला लहानपणी शिकवले होते. आणि उभा जन्म शाळेत संस्कृत शिकवण्यात घालवलेल्या मजसारख्या माणसाने तो नेम मोडू नये, अशी कोणी अपेक्षा केली तर ती रास्तच म्हटली पाहिजे. पण खरे सांगायचे तर गेले दीड वर्ष मी उठल्याबरोबर जे पाहतो ते माझे हात नव्हेत. मी चष्मा लावतो, गॅलरीत जातो, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकतो, आणि आमच्या सशाने रात्रभर ज्या वर्तमानपत्रावर मूत्रविसर्जन केले ते वर्तमानपत्र उजेडात धरून पाहतो. किती ओले झाले, रंग कोणता, वाळल्यावर पांढरी पूड राहिली का, राहिली असल्यास पिठासारखी की वाळूसारखी. एवढे पाहून झाले, की मग चहा.

फराळाच्या ताटाशेजारी हा अंक उघडून बसलेल्या वाचकांची मी आधीच क्षमा मागतो. दिवाळी अंकात लिहिणाऱ्याने चांदणे आणावे, प्राजक्त आणावा, आम्हां नाशिककरांनी फार तर गंगेचा घाट आणावा. तथापि ज्या प्रश्नाने मला या दीड वर्षात छळले, तो याच ओल्या कागदावर उमटला, आणि त्याच्याकडे जायला दुसरा सोवळा दरवाजा मला सापडलेला नाही. प्रश्न असा : आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाचे दुखणे आपल्याला कळले नाही, तर ते न कळणे हा अपराध, की नुसते अज्ञान? अज्ञानाबद्दल माणसाला दोष देऊ नये, असे आपण साधारणपणे मानतो. मीही मानत होतो.

चंदू आमच्या घरी आला तो नातीच्या हट्टाने. कोजागिरीचा दिवस होता. मुलगा आणि सून तिला घेऊन बाजारात गेली होती, आणि परतली ती बुटाच्या खोक्याएवढ्या एका जाळीच्या पेटीत पांढरा गोळा घेऊन. रात्री गच्चीवर दूध आटवताना नामकरण झाले. आकाशातल्या चंद्राला आपण सशावरून शशी म्हणतो, शशांक म्हणतो. नातीने सशाला चंद्रावरून चंदू म्हटले. व्युत्पत्तीची ही परतफेड मला इतकी आवडली, की 'घरात जनावर नको' हे माझे ठरलेले वाक्य मी दुधाबरोबर गिळून टाकले.

दुकानदाराने सांगितले होते, "गाजर घाला, कोबीचा पाला घाला, काही त्रास नाही. पाणी मात्र फार दाखवू नका, पाण्याने ससे मरतात." हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि तो साफ खोटा आहे, पण त्या वेळी आम्ही त्यावर निम्मा विश्वास ठेवला. निम्मा म्हणजे असा, की पिंजऱ्याला नळी असलेली एक बाटली टांगली. नळीच्या टोकाला गोळी असते, ती जिभेने ढकलली की थेंब येतो. थेंब येतो की नाही हे कोणी पाहिले नाही. बाटली भरलेली दिसे, आणि भरलेली बाटली पाहून आम्हांला समाधान वाटे.

खाण्यात मात्र कसूर नव्हती. आमची ही त्याच्यासाठी हरभरे भिजत घाली. मुलाने आणलेल्या तयार खाद्याच्या गोळ्यांनी वाटी सदा भरलेली असे. गवळी म्हशीसाठी आणलेल्या लसूणघासातली एक पेंढी आमच्या दारात टाकून जाई, आणि तिच्यावर चंदू असा तुटून पडे की पाहणाऱ्याला धन्य वाटावे. पाहुण्यांची मुले बिस्किटे चारीत. दोन वर्षांत तो गोलगरगरीत झाला. खाऊनपिऊन सुखी, असे आम्ही कौतुकाने म्हणत असू. त्यातला 'पिऊन' हा शब्द खोटा होता.

आता जे घडले ते क्रमाने सांगतो, कारण दोष त्या क्रमातच आहे. पहिल्या पावसाळ्यात एके सकाळी कागदावर तांबडे डाग दिसले. घरात एकच हलकल्लोळ उडाला. नात रडू लागली. मुलाने कचेरीतून निघून येण्याची तयारी केली. दुसऱ्या दिवशी रंग पुन्हा पिवळा झाला. पुढे कळले, की सशाचे मूत पिवळे, नारिंगी, तपकिरी, क्वचित तांबडेलालही असू शकते. खाल्लेल्या वनस्पतींप्रमाणे आणि शरीरात तयार होणाऱ्या रंगद्रव्यांप्रमाणे ते बदलते, आणि नुसत्या रंगावरून घाबरण्याचे कारण नसते. खरे रक्त असेल तर ते बहुधा वेगळे, ठिपक्याठिपक्यांनी किंवा गुठळीने दिसते. खात्री करायची तर मूत्र तपासावे लागते. मादी असेल तर प्रकरण आणखी निराळे, कारण तिच्या बाबतीत ते रक्त मूत्राशयातले नसून गर्भाशयातले असू शकते. वय वाढलेल्या आणि गर्भाशय न काढलेल्या सशिणींत तिथला कर्करोग पुष्कळ आढळतो. चंदू नर होता, आणि ते रक्त नव्हते.

दुसऱ्या वर्षी थंडीत मूत पांढरट, दाट झाले. वाळल्यावर फरशीवर खडूची भुकटी सांडावी तसे दिसे. जन्मभर खडू झटकलेल्या मला त्यात गंमतच वाटली. तिसरी गोष्ट फाल्गुनात घडली : कोपऱ्यातल्या थाळीत जायला शिकलेला चंदू वाटेल तिथे, थोडे थोडे करू लागला. चटईवर, दाराशी, एकदा माझ्या चपलेवर. वळण बिघडलेल्या विद्यार्थ्याचे काय करायचे हे मला ठाऊक होते. मी त्याला दटावले, पिंजऱ्यावर काठी आपटली, आणि दोन दिवस त्याला बाहेर सोडले नाही. शिक्षा म्हणून.

त्या दोन दिवसांत तो कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसे, डोळे अर्धे मिटून दात वाजवी. ससा समाधानात असला की दात हलके घासतो हे नातीने कुठे तरी वाचले होते, म्हणून आम्ही समजलो, स्वारी खुशीत आहे. समाधानाचे घासणे मंद असते आणि वेदनेचे करकरून ऐकू येते, एवढा फरक आमच्या कानांना कळला नाही. मग मागच्या पायांचे केस चिकट आणि पिवळे झाले, वास येऊ लागला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने लसूणघासाकडे पाठ फिरवली. ज्या लाल डागाने आम्ही घाबरलो तो निरुपद्रवी होता. ज्या पांढऱ्या भुकटीला हसलो आणि ज्या ओल्या चपलेवर रागावलो, ते दुखणे होते.

यापुढची एक चूक थोडक्यात टळली. नातीच्या खोकल्याच्या वेळचे अमोक्सिसिलिनचे औषध घरात उरले होते. त्यातले चार थेंब त्याला पाजावेत असे माझ्या मनात आले. सूनबाईने आधी फोन केला म्हणून बरे. ही औषधे तोंडाने दिली तर सशाच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससाही मरू शकतो. आपल्या मुलाला जे औषध तारते ते सशाला मारते, हे ज्याला माहीत नाही त्याने चांगल्या हेतूने हात पुढे केला तरी तो हात मारेकऱ्याचाच ठरतो.

पशुवैद्य बाई तरुण होत्या. त्यांनी चंदूला टेबलावर घेतले, पोटाखाली दोन बोटे घातली, आणि चाचपतानाच विचारले, "दिवसाला पाणी किती पितो?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. घरात एवढी माणसे. एकालाही सांगता येईना. बाईंनी पुढे विचारले, लघवी शेवटची केव्हा झाली, लेंड्या नेहमीच्या आकाराच्या आहेत का, वजन मागे केव्हा केले होते. चाळीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले. त्या टेबलापाशी मी पहिल्यांदा शेवटच्या बाकावर बसलो.

क्ष-किरणाच्या चित्रात मूत्राशय काळे दिसायला हवे होते म्हणे, निदान करडे. ते हाडांसारखे पांढरे दिसत होते. आत चुन्याचा गाळ साठला होता, आणि त्या गाळात हरभऱ्याएवढा एक खडा. हरभऱ्याएवढा, हे मी उपमा म्हणून सांगत नाही, चित्र पाहताना आमची ही तोंडाला पदर लावून म्हणाली, "मीच घातले होते की हो."

खडा हरभऱ्यानेच झाला असे अर्थात नाही. बाईंनी जे समजावले ते असे. आपल्या शरीरात अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, गरजेपुरताच शोषला जातो. उरलेला मळावाटे जातो. सशाचे तसे नाही. त्याचे आतडे अन्नात असेल तितके कॅल्शियम बव्हंशी शोषून घेते, आणि जास्तीचे बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर येऊन पडते. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत शोषलेल्या कॅल्शियमपैकी शेकडा दोन भागसुद्धा मुतातून जात नाहीत. सशात पंचेचाळीस ते साठ जातात. म्हणून त्याचे मूत थोडे गढूळ असणे हेच स्वाभाविक. मात्र पाणी कमी पडले, अंगावर चरबी चढली, हालचाल थांबली, आणि वर गोळ्या आणि लसूणघास यांचा मारा झाला (लसूणघासात साध्या गवतापेक्षा कॅल्शियम पुष्कळच जास्त असते), की तो गढूळपणा तळाशी बसतो. गाळ होतो, गाळाचा खडा होतो. मूत्राशय दुखते, वारंवार कळ येते, थेंब थेंब होते, अंगाला लागून कातडी भाजल्यासारखी होते. नराची मूत्रनलिका अरुंद, त्यामुळे खडा तिच्यात अडकण्याची धास्ती अधिक; आणि कुंथूनही थेंब पडत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठला पाहिजे. सशाने बारा तास काही खाल्ले नाही तरी तेच, कारण त्याचे आतडे थांबले की पुन्हा सुरू करणे कठीण जाते.

"पण हा ओरडला कसा नाही?" मुलाने विचारले.

"ससा ओरडत नाही," बाई म्हणाल्या. "रानात जो दुखणे दाखवतो त्याला आधी उचलतात."

हे उत्तर मी घरी घेऊन आलो आणि ते काही केल्या मनातून जाईना. प्राण्याला दुःख होते की नाही, या वादावर युरोपातल्या पंडितांनी शतके खर्ची घातली. सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांना घड्याळासारखी यंत्रे ठरवले. १७८९ मध्ये बेंथॅमने प्रश्नच फिरवला, की त्यांना बुद्धी आहे का, वाचा आहे का, हे सोडा, यातना होतात का ते सांगा. आपल्याकडे या वादाची फारशी गरज पडली नाही. मुंगीला साखर घालणाऱ्या आजीला तो कळलाच नसता. यातना होतात हे आपल्याला मान्यच आहे. आपले अडते ते पुढच्या पायरीवर. होतात हे मान्य. पण आत्ता, या कोपऱ्यात, याला होत आहेत का, हे कोणी पाहायचे? सशाने दुखणे लपवणे हा त्याचा स्वभाव. मग लपवलेले शोधणे हे ज्याने त्याला पिंजऱ्यात ठेवले त्याचे कर्तव्य होते की नाही?

यावर माझ्याच मनाने माझी वकिली केली. 'दिसले नाही ते कसे कळणार? रानातल्या सशाचे तरी कोण पाहते?' युक्तिवाद बरा वाटला, आणि त्यातच तो पडला. एक तर आपल्या माळरानावरचा ससा, जो पांडवलेण्यांच्या डोंगराकडे संध्याकाळी कधी झुडपातून सटकताना दिसतो, तो चंदूचा भाऊबंदही नव्हे. मराठीने दोघांना एकच शब्द दिला एवढेच. रानससा बीळ करीत नाही, त्याची पिले उघड्या डोळ्यांनी आणि अंगभर केसांनी जन्मतात. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा, त्याची पिले उघडी आणि आंधळी जन्मतात. पण ते असो. रानातला ससा गवताची काडी आपण निवडतो, दव चाटतो, रात्रभर पळतो. आजारी पडला तर त्याचे तो आणि त्याचे रान. चंदूची काडी मी निवडत होतो, पाणी मी टांगत होतो, त्याचे रान मी दोन फूट बाय तीन फूट ठरवले होते. एखाद्याचे सारे पर्याय आपण काढून घेतले, की 'मला ठाऊक नव्हते' हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. परक्याच्या बाबतीत अज्ञान हे अज्ञानच असते. पाळलेल्याच्या बाबतीत त्याला हयगय हे नाव आहे.

कायदाही, मागाहून पाहिले, तेच म्हणतो. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी लावून धरल्यामुळे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याचे नाव क्रूरतेचे, म्हणून आपण चाबूक आणि टोचणी एवढेच डोळ्यांपुढे आणतो. पण त्याच्या तिसऱ्याच कलमात ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याच्या स्वास्थ्यासाठी शक्य ते सारे उपाय करण्याचे कर्तव्य घातले आहे. नुसते न मारणे पुरेसे नाही.

आणि कायदा कशाला हवा? कोजागिरीला मी नातीला चंद्रावरच्या सशाची जातककथा सांगतो. दारी आलेल्या याचकाला द्यायला ससा आपले शरीर अग्नीत टाकायला निघतो. त्याची परीक्षा घेणारा शक्र प्रसन्न होऊन त्याचे चित्र चंद्रावर काढतो. त्यात एक बारीक तपशील आहे, तो मी नेहमी घाईने उरकीत असे. अग्नीत उडी घेण्यापूर्वी ससा तीन वेळा अंग झाडतो, केसांत राहणारे किडे आपल्याबरोबर जळू नयेत म्हणून. स्वतःच्या मरणाच्या क्षणी त्याला आपल्या केसांतले भाडेकरू आठवले. मला माझ्या गॅलरीतला एक आठवला नाही.

आता करायचे काय? बाईंनी तीन वाटा सांगितल्या. सलाईन देऊन, मूत्राशय धुऊन गाळ काढायचा. पण खडा तसा निघणार नाही. पोट उघडून खडा काढायचा. किंवा वेदना फार झाल्या तर शांतपणे झोपवायचे. शस्त्रक्रियेत भूल देण्याचाच धोका मोठा. ब्रिटनमधल्या २००८ च्या एका मोठ्या पाहणीत भूल दिलेल्या सशांपैकी शेकडा १.३९ दगावले होते. कुत्र्यांत हेच प्रमाण शेकडा ०.१७ होते.

संस्कृत शिकवणाऱ्याला संकटात पोथी आठवते. सुश्रुताने मुतखड्याला, अश्मरीला, प्रत्यक्ष यमाच्या तोडीचा रोग मानले आहे. ती शस्त्रक्रिया सांगताना तो थबकतो आणि म्हणतो, की काही केले नाही तर मरण निश्चित, केले तर संशय; म्हणून वैद्याने आधी राजाची परवानगी घ्यावी. वर्गात हा श्लोक शिकवताना मी मुलांना सांगत असे, पाहा, आपल्या पूर्वजांना संमतीचे महत्त्व किती कळत होते. आता बाईंनी तसाच कागद माझ्यापुढे ठेवला आणि सही करा म्हणाल्या, तेव्हा ध्यानात आले, की इथे राजा मीच. ज्याचे पोट उघडायचे त्याला कोणी विचारणार नव्हते. आणि ज्याने दोन दिवसांपूर्वी त्याला मुतल्याबद्दल कोंडले होते, त्याची सही घेतली जाणार होती.

घरात दोन दिवस वाद चालला. मुलाचे म्हणणे कठोर नव्हते. "बाबा, आणला तेव्हा पाचशे रुपये दिले. मुंबईला नेऊन सगळे मिळून पंचवीस हजार होतील. आणि जगेलच असे नाही." सून म्हणत होती, "किंमत दुकानात असते. घरात आल्यावर कसली किंमत?" मी दोन्ही बाजूंना मान डोलवीत होतो. शिक्षकांना ती सवय असते.

भांडी घासायला येणाऱ्या मावशी हे सारे ऐकत होत्या. हात पुसत दाराशी येऊन म्हणाल्या, "बाबा, आमच्या मालकांना बी हाच आजार हाय. मुतखडा."

"केव्हापासून?"

"झाली की दोन वर्षं. डॉक्टरनी सांगितलंय ऑपरेशन करा. म्हटलं, बघू दिवाळीनंतर."

कोणत्या दिवाळीनंतर, हे मी विचारले नाही. मावशी आमच्याकडे सहा वर्षे येत होत्या. मधूनमधून 'आज मालकांच्या पोटात दुखतंय' म्हणून उशिरा येत, आणि उशिराबद्दल आमची ही कपाळाला आठी घाली. त्यांनी लपवले नव्हते. ससा बोलू शकत नाही, म्हणून मला कळले नाही असे मी स्वतःला समजावीत होतो. आणि इथे तर बोलणारे माणूस दारात उभे राहून सांगत आले होते. दोघांची तुलना कोणाला अपमानकारक वाटेल. तसे असेल तर तो अपमान माझा आहे, त्यांचा नव्हे.

त्या रात्री मला झोप आली नाही. शेजारचा माणूस कळा सोसत असताना सशावर पंचवीस हजार खर्च करणे नीतीला धरून आहे का? ज्यांना हा प्रश्न सोपा वाटतो त्यांचा मला हेवा वाटतो. मी स्वतःला एक उत्तर दिले : ते पंचवीस हजार सशावर खर्च झाले नसते तर मावशींच्या घरी गेले असते, असे थोडेच आहे? दोन वर्षे गेले नव्हतेच. दिवाळीला आम्ही घराला रंग काढला, तेव्हा हा हिशेब कोणी मांडला नाही. गरिबाची आठवण आपल्याला नेमकी दुसऱ्या कोणावर खर्च टाळायच्या वेळी होते. उत्तर बिनतोड होते, पण त्याने झोप मात्र आली नाही. कारण बिनतोड उत्तराने प्रतिपक्षी गप्प होतो. मावशी काही प्रतिपक्षी नव्हत्या.

शेवटी मी सही केली. कारण तत्त्वाचे होते असे मी म्हणणार नाही. त्या पहाटे चंदू माझ्या पायाशी येऊन थांबला आणि थरथरत दोन थेंब माझ्या पायावर पडले. मी हललो नाही. तोही मला भ्याला नाही. ज्याच्याबद्दल आपण अपराधी आहोत त्याने भिण्याचेही सोडावे, याहून अवघड प्रसंग माझ्या वाट्याला क्वचितच आला असेल.

शस्त्रक्रिया मुंबईस झाली. परळला १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. शिक्षण जुने आहे, पण बैल, घोडा, गाय यांच्या पुढे जाऊन सशाचे पोट जाणणारे हात अजून मोजकेच. कसारा घाट उतरताना नातीने पेटीवर ओला पंचा धरला होता. चंदू वाचला. खडा बाईंनी कागदाच्या पुडीत बांधून दिला. तो माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या फाउंटन पेनांशेजारी आहे.

खडा निघाला म्हणजे रोग गेला असे मात्र नाही. ज्याचे शरीरच चुना असा हाताळते त्याचा गाळ पुन्हा जमू शकतो, आणि आमचा तर एकदा थोडा जमलाही. म्हणून आता आमच्या घराचा रिवाज पार बदलला आहे. बाटली गेली, जड मातीचे वाडगे आले, कारण ससा वाडग्यातून पाणी अधिक पितो. सकाळी मापून भरायचे आणि संध्याकाळी उरलेले मोजायचे. किलोभर वजनाला दिवसाकाठी पन्नास ते शंभर मिलिलिटर पोटात जायला हवे, आणि पाला ओला दिला तर तेही पाणीच. पिंजऱ्याचे दार दिवसभर उघडे असते. गोळ्या चमचाभर. हरभरे, बिस्किटे बंद. लसूणघासाची पेंढी गवळी आता परत घेऊन जातो, जरा रुसूनच. मुख्य आहार साधे वाळके गवत, आणि त्याच्या जोडीला हरळी. गणपतीला आपण जिच्या एकवीस जुड्या वाहतो ती दुर्वा सशाला फार मानवते, ही एक गोष्ट मला अजून चकित करते. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारातून कोथिंबीर, मुळ्याचा पाला येतो, पण फवारा नसलेला मिळेल याची खात्री नाही, म्हणून तासभर पाण्यात बुडवून ठेवायचा. मागचे पाय ओले दिसले तर कोमट पाण्याने तेवढेच पुसून कोरडे करायचे. सबंध अंघोळ कधीच नाही, सशाला तिचा धसका बसतो. वेदनेचे औषध बाईंनी दिले तेवढेच, दिले तितकेच दिवस. आणि पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातल्या तराजूवर वजन. हे सारे नातीने वहीत मांडले आहे. तिच्या वहीत त्या वर्षाचे गणित थोडे कच्चे आहे, पण चंदूच्या पाण्याचा ताळा अचूक आहे.

मावशींच्या यजमानांचे कागद घेऊन मीच सरकारी रुग्णालयात गेलो. दोन हेलपाटे पडले. एक शिक्का, एक छायाचित्र, एक सही. त्यांना ते जमले नसते असे नव्हे; पण एका हेलपाट्याला एका दिवसाची मजुरी बुडते, आणि माझा दिवस रिकामाच होता. खडा निघाला. हे मी चंदूच्या आजारानंतर केले, आधी नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे. मला ते सुचायला एक ससा आजारी पडावा लागला.

यंदा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे कागद उजेडात धरून उभा होतो. मावशी आत आल्या, पदराच्या टोकाला बांधलेली हरळीची जुडी त्यांनी सोडली. त्यांच्या वस्तीमागच्या बांधावर ती दाट येते आणि तिच्यावर फवारा नसतो.

"काय बाबा, आज नीट मुतला का चंदू?"

"नीट. आणि मालक?"

"त्यांचं बी बरं हाय. पन पानी पीत नाहीत," मावशी म्हणाल्या, आणि चंदूच्या वाडग्याकडे पाहून स्वतःच हसू लागल्या. "त्यांना बी असलंच एक वाडगं आनते आता."